गच्चीवरचं ऊन कुणाच्या नावावर

वनश्री अपार्टमेंटमध्ये झाड नाही. पूर्वी त्या जागेवर एक जुना उंबर होता, तो बिल्डरने पार्किंगसाठी पाडला आणि मग इमारतीला 'वनश्री' नाव देऊन हिरव्या अक्षरात पाटी लावली. नाशकात पंचवटी ओलांडून मखमलाबाद रोडला लागलं की अशा पाट्या हव्या तेवढ्या दिसतात. जे कापलं त्याचं नाव द्यायचं, अशी आपल्याकडे श्रद्धांजली वाहायची पद्धत आहे.

तर या वनश्रीत चार मजले, एक लिफ्ट, एक गच्ची आणि या सगळ्यावर एक चेअरमन, भिकनराव देवरे. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, मूळचे सटाण्याकडचे. चिडले की त्यांच्या तोंडून गावाकडची अहिराणी बाहेर पडे, एरवी ते परिपत्रकातलं मराठी बोलत. होळीनंतर एका सकाळी त्यांनी लिफ्टला कुलूप घातलं आणि दारावर कागद चिकटवला. 'पर्यावरण रक्षणाच्या राष्ट्रीय कार्यास हातभार म्हणून सोसायटीची लिफ्ट पुढील सूचनेपर्यंत बंद राहील. सभासदांनी जिना वापरावा. जिना हृदयास उत्तम.' खाली सही. सही करणाऱ्याचं घर तळमजल्यावर.

चौथ्या मजल्यावर राहायचा धम्मपाल गांगुर्डे. ओझरच्या विमान कारखान्यात तो स्टोअरला होता. तिथे एक नट बाहेर द्यायचा तरी कागद लागतो, त्यामुळे नियमाने मागितलं की मिळतं, अशी त्याची ठाम समजूत झाली होती. असे लोक अजून शिल्लक आहेत. सरकार त्यांच्याच जोरावर चालतं.

धम्मपालची आई विमलाबाई. दोन्ही गुडघे गेलेले. घरातल्या घरात भिंत धरून फिरायची, पण जिना म्हटला की संपलं. लिफ्ट बंद झाल्यापासून ती खाली उतरली नव्हती. तिचं फार काही मागणं नव्हतं. दरवर्षी वैशाख पौर्णिमेला विहारात बायकांची वंदना तीच सुरू करायची. तिचा आवाज लागल्याशिवाय बाकीच्या तोंड उघडत नसत. यंदाही तिला जायचं होतं, बस.

"आई, आपण तुला खुर्चीत बसवून उतरवू," धम्मपाल म्हणाला.

"मी काय देव हाय का रं, मिरवायला?" विमलाबाई म्हणाली. "लिफ्ट हाय ना बिल्डिंगला? का भिंतीत कपाट केलंय?"

धम्मपाल भिकनरावांकडे गेला. दार उघडल्याबरोबर थंडगार हवेचा झोत अंगावर आला.

"भाऊ, आईला पौर्णिमेला विहारात न्यायचंय. लिफ्टचं काही—"

"गांगुर्डे, मी अडवणारा कोण? पण पृथ्वीचं तापमान बघा ना! किती वाढलंय!"

"तुमच्याकडे दोन दोन एसी चालू आहेत."

"मग? ते वाढलंय म्हणूनच ना!"

धम्मपाल चार मजले चढून वर आला आणि हृदयाला उत्तम असलेल्या त्या जिन्यावर त्याच्या छातीत चांगलीच धडधड झाली. रागाने.

बायको रोहिणी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "विजेने पृथ्वी तापते म्हणतो ना तो? मग वीज आपण तयार करू. गच्चीवर सोलर बसवायचं. मग काय कारण देतो बघू."

इथे खरं तर गोष्ट संपायला हवी होती. ऊन आहे, गच्ची आहे, सरकार रोज टीव्हीवर सोलर घ्या सोलर घ्या म्हणून ओरडतंय. पण टीव्हीवरचं सरकार वेगळं असतं आणि खिडकीतलं वेगळं.

आधी सोसायटीची मीटिंग झाली. भिकनरावांनी सोलरला विरोध केला नाही. त्यांनी फक्त डिझेल जनरेटर सुचवला. त्यांचे साडू जनरेटर विकतात हा निव्वळ योगायोग. "जनरेटर म्हणजे स्वावलंबन," ते म्हणाले. आठवडाभर आधी पर्यावरणासाठी लिफ्ट बंद करणारा हा माणूस पार्किंगमध्ये धूर ओकणारं यंत्र मागत होता आणि माना डोलत होत्या.

धम्मपालने सोलरचं सांगितल्यावर सल्ल्यांचा पूर आला. कुणाच्या मामेभावाचं पॅनल म्हणे वादळात उडून दिंडोरीच्या द्राक्षबागेत पडलं होतं. कुणाला वाटत होतं, पॅनल ऊन ओढून घेतं, त्यामुळे खालच्या घरात ओल येईल. दुसऱ्या मजल्यावरच्या एका काकांनी गंभीरपणे विचारलं, "पण अमावस्येला कसं चालणार?"

"काका, अमावस्येला सूर्य असतो."

"असतो हो. पण बघा आपलं."

शेवटी भिकनराव हसत म्हणाले, "करू या सोलर. तुमच्या लोकांना सरकारी योजना बरोबर माहीत असतात हो!"

हे वाक्य नेहमी हसत म्हणायचं असतं. हसून म्हटलं की ते कौतुक होतं, आणि समोरचा रागावला तर तोच चिडका ठरतो. म्हणणाऱ्यालाही हे माहीत असतं, ऐकणाऱ्यालाही. धम्मपालने ते गिळलं. अशी वाक्यं गिळून गिळून त्याचं पोट तयार झालं होतं. रोहिणीने गिळलं नाही. "हो ना भाऊ," ती म्हणाली, "आम्हाला वाचता येतं."

ठराव सर्वानुमते पास झाला. सोलर सुरू झालं की लिफ्ट सुरू होईल, आणि सोलरसाठी धावपळ धम्मपाल करेल. धावपळ दुसऱ्याने करायची असली की आपली माणसं फार पुरोगामी होतात.

आता वीज कार्यालय. गच्चीवर तयार झालेली वीज कंपनीच्या लाइनला जोडायची तर वेगळं मीटर लागतं, त्याला अर्ज लागतो. धम्मपालने अर्ज असा भरला होता की स्टोअरमधल्या त्याच्या साहेबाने कौतुक केलं असतं. खिडकीतल्या क्लार्कने तो वाचलाच नाही.

"कनेक्शन कुणाच्या नावावर?"

"सोसायटीच्या."

क्लार्कने कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला. लिफ्टचं, पंपाचं, जिन्यातल्या दिव्यांचं, सगळं कनेक्शन अजून बिल्डरच्या नावावर होतं. इतकी वर्षं वनश्रीचे लोक बिल्डरच्या नावाने बिल भरत होते आणि रोज एकदा तरी त्याला शिव्या घालत होते.

"त्यांची सही आणा," क्लार्क म्हणाला.

बिल्डरचं ऑफिस द्वारका सर्कलजवळ. बाहेर हरणं आणि धबधबा असलेला मोठा फलक, त्यावर नव्या प्रकल्पाचं नाव, 'अरण्य'. आत काउंटरवर एक मुलगी.

"वनश्री? ती जुनी कंपनी होती. ती आता नाही."

"आणि हे साहेब?" धम्मपालने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं.

"हे आहेत ना. आत बसलेत."

"मग त्यांची सही द्या."

"कशी देणार? ते ज्या कंपनीचे मालक होते ती कंपनीच नाही."

धम्मपाल पुन्हा खिडकीवर गेला. क्लार्क म्हणाला, सही मिळत नसेल तर ती कंपनी बंद झाल्याचा कागद आणा. तो कोण देणार? तीच कंपनी. धम्मपालने अर्ध्या अर्ध्या रजा टाकल्या, प्रतिज्ञापत्र केलं, रांगेत उभा राहिला, मधल्या सुट्टीनंतर या असं ऐकलं, साहेब कुंभमेळ्याच्या मीटिंगला गेलेत असंही ऐकलं. चैत्र सरत आला. घरी विमलाबाई खिडकीत बसून रोज एकच विचारायची, "झालं का रं?" आणि तो म्हणायचा, "होतंय."

शेवटी भिकनरावांनी नवनाथभाऊंना आणलं.

नवनाथभाऊ म्हणजे वॉर्डातले भावी नगरसेवक. गेल्या तीन निवडणुका ते भावीच होते. पांढरा शर्ट, पांढरे बूट, मागे चार पोरं. धम्मपालच्या फायलीला त्यांनी हातही लावला नाही. खिशातून फोन काढला.

"कोण? हां. अरे, वनश्रीचं काय लावलंय? करून टाक."

झालं. दुसऱ्या दिवशी त्याच क्लार्कने स्वतः फोन करून सांगितलं की अशा प्रकरणांत सोसायटीच्या ठरावावर नाव बदलता येतं, तशी तरतूद आहे, तुम्ही आधीच सांगायचं ना.

काम झालं म्हणून धम्मपालला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी भर रस्त्यात कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं त्याचं तोंड झालं. म्हणजे नियम होता. सगळा वेळ तिथेच होता. फक्त तो नागरिकाला दाखवायचा नव्हता. आणि उद्यापासून सगळा वॉर्ड म्हणणार, नवनाथभाऊंनी काम केलं. अर्ध्या अर्ध्या रजा टाकणारा कुणाच्या लक्षात राहतो?

मग सोलरवाला आला, दिनेश. त्याने गच्चीच्या मधोमध खडूने चौकट आखली. खडूची रेघ पुरी व्हायच्या आत उज्वलावहिनी वर आल्या.

उज्वलावहिनी तिसऱ्या मजल्यावरच्या. उन्हाळ्यात वनश्रीच्या गच्चीवर त्यांचं राज्य. कुरडया, पापड, सांडगे, बिबड्या, वर्षाच्या मिरच्या, सगळं वाळवण तिथेच. गच्चीच्या मधोमध सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं. कडेला गळतीसाठी डांबर फासलेलं, तिथे काही टाकता येत नाही. आणि पाण्याच्या टाकीमागे एक कोपरा आहे, जिथे दुपार कलल्याशिवाय ऊन पोचत नाही. त्या कोपऱ्यात विमलाबाईंचे पापड वाळायचे.

तिथे टाका असं कुणी कधी सांगितलं नव्हतं. राहायला आले त्या उन्हाळ्यात विमलाबाईने मधोमध कापड अंथरून पापड टाकले होते. जेवून वर आली तेव्हा कापड टाकीमागे होतं, एकही पापड न मोडता, नीट सरकवलेलं. कुणी सरकवलं ते कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या फार प्रेमाने बोलल्या. आपल्याकडे माणसाला सावलीत ढकलतानाही पापड मोडणार नाही याची काळजी घेतात. तेव्हापासून विमलाबाईंच्या पापडांना कायम थोडा वास यायचा आणि वर्षातून एकदा कुणीतरी म्हणायचं, "मावशी, तुमचे पापड नीट वाळत नाहीत हो."

तर उज्वलावहिनींनी खडूची चौकट पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो भाऊजी! आमचं सगळं ऊन चाललं की!"

धम्मपाल काही बोलायच्या आत रोहिणी म्हणाली, "ऊन कुणाच्या नावावर आहे वहिनी? उतारा काढलाय का?"

दोघींचं बोलणं बंद झालं. पॅनल मात्र बसले. निळे, चकचकीत, दक्षिणेकडे तोंड करून, लोखंडी सांगाड्यावर तिरके. दिनेशने चाचणीपुरतं सोलर चालू करून धम्मपालच्या मोबाईलवर ॲप टाकून दिलं, त्यात बसल्या जागी कळतं वीज किती होतेय. आता तपासनीस साहेब येऊन बघणार, मीटर लावणार, की लिफ्ट सुरू.

वैशाख लागला. नाशकात त्या दिवसांत डोक्यावर हात ठेवला तर हात भाजतो. आणि ओझरला जेवणाच्या सुट्टीत धम्मपालने ॲप उघडलं तर वीज जवळपास शून्य.

"ढग आले असतील साहेब," दिनेश फोनवर म्हणाला.

"बाहेर बघ. ढग आहे का एक तरी?"

"मग ग्रहण आहे का बघा कॅलेंडरमध्ये."

पुढच्या दिवशी तेच. सकाळी वीज चढायची, नाश्ता उरकायच्या वेळी अचानक मरायची, सूर्य मावळताना पुन्हा थोडी धुगधुगी. धम्मपालने सगळी माहितीपत्रकं वाचून काढली. सूर्यावर संशय घ्यावा अशी वेळ आली.

तपासनीस आले ते धम्मपालने रजा टाकलेल्या दिवशी. वजनाने भरलेले गृहस्थ. दुसऱ्या मजल्यावर ते जिन्यात बसले.

"हे सोलर लिफ्टसाठीच आहे ना?"

"हो साहेब."

"मग लिफ्ट का बंद?"

"सोलर सुरू झाल्याशिवाय लिफ्ट नाही, असा ठराव आहे."

"आणि सोलर का बंद?"

"तुम्ही तपासल्याशिवाय सुरू होत नाही."

साहेबांनी रुमालाने मान पुसली आणि पुन्हा चढायला लागले.

गच्चीवर पॅनल दिसत नव्हते. त्यांच्यावर जुन्या धुतलेल्या साड्या ताणून बसवल्या होत्या, कडांना चिमटे लावले होते, आणि साड्यांवर कुरडया. पांढऱ्याशुभ्र, गोल, ओळीने. दुसऱ्या रांगेत भिकनरावांच्या सौभाग्यवतींच्या बिबड्या. तिसरीवर सांडगे. टाकीजवळ उज्वलावहिनी स्टुलावर बसून कावळे हाकत होत्या.

"फार छान सोय केलीत हो भाऊजी!" त्या म्हणाल्या. राग केव्हाच गेला होता. "काच तापते, खालून वरून दोन्हीकडून वाळतं. आणि मांजर चढायला गेलं की घसरतं!"

साहेबांना धाप लागली होती. ती आवरून ते म्हणाले, "मॅडम, हे वीज तयार करायचं यंत्र आहे."

"मग करू दे की. आम्ही कुठे नको म्हटलंय?"

साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. धम्मपालने वाकून पाहिलं. 'पॅनलवर कुरडया. चाचणी घेता आली नाही.' पुन्हा यायचं म्हणाले आणि जाताना उज्वलावहिनींनी दिलेली कुरडयांची पिशवी घेऊन गेले.

पौर्णिमा आठवड्यावर आली होती. धम्मपालने उज्वलावहिनींपुढे अक्षरशः हात जोडले. त्या पाघळल्या, साड्या काढल्या, पण डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "वर्षाचं वाळवण मी आता कुठे नेऊ ते सांगा." आणि साड्या निघाल्या तरी ॲपमधली वीज अर्ध्यावर चढेना.

धम्मपाल सकाळी वर गेला आणि पाहतो तर पूर्वेच्या अंगाला, पॅनलच्याच सांगाड्याला बांबू बांधून, रस्त्यावरून दिसेल असा भलामोठा फ्लेक्स उभा. नवनाथभाऊ हात जोडून, मागे उगवता सूर्य. 'सौरसम्राट नवनाथभाऊ यांचे वनश्री परिवारातर्फे जाहीर आभार.' खरा सूर्य फ्लेक्सच्या मागे, आणि फ्लेक्सची सावली निम्म्या पॅनलवर. तळाशी आभार मानणाऱ्यांचे छोटे फोटो. पहिला भिकनरावांचा. शेवटचा धम्मपालचा. बारशाच्या कुठल्यातरी फोटोतून कापलेला, तोंडात पेढा असतानाचा.

तो तसाच भिकनरावांकडे गेला.

"तो फ्लेक्स काढा."

"अहो, ज्यांनी काम केलं त्यांचा फोटो नको?"

"त्यांच्या फोटोमुळे सोलर चालत नाहीये!"

"मग सोलर थोडं सरकवा," भिकनराव म्हणाले. "मोठ्या माणसाला हलवणं बरं नाही."

हे वाक्य म्हणजे आपल्या देशाचं ऊर्जा धोरण आहे. कुठेही लावून बघा, बसतं.

धम्मपाल वर येऊन नुसता बसला. तेव्हा रोहिणीने शिवणाची मोठी कात्री उचलली आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन उज्वलावहिनींची बेल वाजवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"वहिनी, डांबरावर अंथरायला स्वच्छ, जाड, मोठं प्लास्टिक मिळालं तर कडेला वाळवण होईल का?"

"होईल की! पण तेवढं मोठं कुठे मिळतंय?"

"चला दाखवते."

अर्ध्या तासात नवनाथभाऊ पूर्वेच्या कठड्यालगत उताणे पडले होते. कपाळावर मिरच्या, जोडलेल्या हातांवर सांडगे, उगवत्या सूर्यावर भिकनरावांच्या घरच्या बिबड्या. रोहिणी खाली जाऊन सासूने लाटलेले पापड घेऊन आली आणि कुणाला न विचारता फ्लेक्सच्या मधोमध, भाऊंच्या छातीवर, मांडायला लागली. उज्वलावहिनींनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग आपल्या मिरच्या हातभर बाजूला घेतल्या. जागा होती. जागा तशी नेहमीच होती.

तपासनीस दुसऱ्यांदा आले, चाचणी झाली, मीटर बसलं. धम्मपाल किल्ली मागायला गेला तर भिकनराव म्हणाले, "अशी कशी? उद्घाटन नको? भाऊंना पौर्णिमेच्या सुट्टीचा वेळ आहे. फ्लेक्सचं काय झालं म्हणून विचारत होते, मी वाऱ्याने उडाला म्हणून सांगितलंय."

पौर्णिमेच्या सकाळी विमलाबाई पांढरी साडी नेसून दाराशी खुर्ची टाकून बसली. वंदना दहाला. नवनाथभाऊ आले ते साडेनऊ उलटून गेल्यावर, धापा टाकत, चार मजले चढून, कारण फीत चौथ्या मजल्यावर बांधली होती. सौर लिफ्टचा पहिला प्रवास ज्येष्ठ नागरिक महिलेसोबत, असा कार्यक्रम ठरला होता. तिचा मुलगा तिला हवा होता म्हणून धम्मपाल, आणि किल्ली होती म्हणून भिकनराव. चौघं आत शिरले. व्हिडिओ काढणारा कार्यकर्ता जिन्याने पळाला.

लिफ्ट हलली. विमलाबाईने जाळीच्या दारातून वर सरकणारा तिसरा मजला पाहिला, मग दुसरा. ती हसली. पहिल्या मजल्याच्या हातभर वर लिफ्टने एक झटका दिला आणि थांबली. आतला दिवा गेला.

"काय झालं?" नवनाथभाऊ म्हणाले. "सोलर आहे ना?"

धम्मपालने दिनेशला फोन लावला. स्पीकरवर दिनेश म्हणाला, "साहेब, कंपनीची लाइन गेली की आपलं सोलर पण बंद पडतं. तसाच नियम आहे. नाहीतर आपली वीज उलटी लाइनमध्ये जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल ना."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाही."

धम्मपालने डोळे मिटले. वर गच्चीवर ऊन सांडत होतं, नुसतं वाया चाललं होतं. आणि या सगळ्या खटाटोपात भेटलेला हा पहिला नियम, ज्यात कुणाच्या तरी जिवाची काळजी होती. नेमका तोच आडवा आला. त्याच्यावर रागावताही येईना.

"थांबा, एक फोन टाकतो," नवनाथभाऊ म्हणाले. त्यांनी टाकला. ऐकता ऐकता चेहरा उतरला.

"काय म्हणतात?" भिकनरावांनी विचारलं.

"चौकात आपल्या कार्यक्रमाची कमान लावतायत. पोरांनी खांब रोवायला खड्डा खणला, त्यात केबल तुटली." मग दबक्या आवाजात, "वेळ लागेल म्हणतात."

बाहेर बायका जमल्या होत्या. भिकनरावांनी जाळीतून किल्ली उज्वलावहिनींकडे टाकली, त्यांनी बाहेरचं दार उघडलं. धम्मपाल आधी खाली उतरला. उज्वलावहिनींनी आपलं कावळे हाकायचं स्टूल लावलं. रोहिणीने एका बाजूने धरलं, त्याने दुसऱ्या बाजूने, आणि विमलाबाई ओठ आवळून, एक पाय, मग दुसरा, पहिल्या मजल्यावर उभी राहिली. आता एकच जिना उरला होता.

"थांबा, थांबा!" आतून नवनाथभाऊ ओरडले. कार्यकर्त्याकडे बघून त्यांनी हातवारे केले. "हे घेतलंच नाही ना तू? आजीबाई, जरा परत आत या. मी तुम्हाला हात धरून बाहेर काढतो, तेवढा व्हिडिओ होऊन जाऊ दे. गांगुर्डे, चढवा त्यांना."

विमलाबाई रोहिणीच्या खांद्याला धरून उभी होती.

धम्मपालने आईकडे पाहिलं. मग नवनाथभाऊंकडे. मग त्याने पायाने स्टूल बाजूला केलं, बाहेरचं दार लावलं, उज्वलावहिनींच्या हातातली किल्ली घेतली, फिरवली आणि खिशात टाकली.

"अहो!" नवनाथभाऊ जाळीला बिलगले. "गांगुर्डे!"

"हाई काय शे! दार उघाड!" भिकनराव अहिराणीत ओरडले.

"आत हवा खेळती आहे," धम्मपाल म्हणाला. "आणि वीज येणारच आहे, तुम्ही फोन केलाय ना." त्याचा आवाज स्टोअरमध्ये नट देताना असतो तसा होता.

कार्यकर्ता व्हिडिओ काढत राहिला, कारण त्याला थांब असं कुणी सांगितलं नव्हतं. उज्वलावहिनींनी जाळीतून पाण्याची बाटली आत सरकवली आणि मग येऊन विमलाबाईचा दुसरा हात धरला. शेवटचा जिना त्या बसत, उठत उतरल्या. मध्ये एकदा विमलाबाई म्हणाली, "लय दुखतंय गं," आणि तरी पुढची पायरी उतरली. खाली रिक्षा उभी होती.

विहारातही वीज नव्हती. पंखे बंद, माईक बंद. बायका पदराने वारा घेत बसल्या होत्या. विमलाबाईला आत येताना पाहिलं आणि सगळ्या सावरून बसल्या. कुणीतरी खुर्ची पुढे आणली. तिने बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावली, श्वास घेतला आणि माईकशिवाय आवाज लावला, त्या मागच्या भिंतीपर्यंत पोचणाऱ्या आवाजात. मागोमाग सगळ्यांनी.

धम्मपालच्या खिशात मोबाईल थरथरायला लागला. थांबला. पुन्हा थरथरला.

"कोण आहे?" रोहिणीने हळूच विचारलं.

"लिफ्ट."

"उचल की."

"वंदना चालू आहे," धम्मपाल म्हणाला आणि हात जोडले.